डेटास्टेजचा जॉब वेब सर्व्हिस म्हणून देताना : ईटीएलमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये ईटीएलच्या (डेटा एका ठिकाणाहून उचलून, हवा तसा घडवून दुसरीकडे भरण्याच्या) टीमवर रुजू झालेल्यांचं पहिलं वर्ष बहुतेक रात्रीच्या बॅचमध्ये जातं. फाइल आली, जॉब लागला, लोड झाला, सकाळी रिपोर्ट गेला. मग एक दिवस काम येतं : हाच जॉब वेब सर्व्हिस म्हणून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला नेटवर्कवरून हवा तेव्हा बोलावता येईल असा, पब्लिश करून द्या. टूलमध्ये सगळी सोय असते, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण बॅचची वाट बघत कुणी बसलेलं नसतं. सर्व्हिसच्या पलीकडे मात्र काउंटरवर किंवा कॉल सेंटरमध्ये माणूस स्क्रीनकडे बघत थांबलेला असतो. जॉबमधल्या जवळजवळ प्रत्येक सेटिंगचा अर्थ त्यामुळे बदलतो.

आयबीएमच्या डेटास्टेज या ईटीएल टूलमध्ये हे काम इन्फर्मेशन सर्व्हिसेस डायरेक्टर (आयएसडी) करतो. जॉब तीन प्रकारे देता येतो. पहिला, साधा बॅच जॉब : विनंती आली की सुरू होतो, संपला की थांबतो. दुसऱ्यात शेवटी आयएसडी आउटपुट स्टेज (स्टेज म्हणजे जॉबमधली एक पायरी) असतो. तरीही प्रत्येक विनंतीला जॉब नव्याने उठतो, फक्त ओळी उत्तर म्हणून परत जातात. तिसऱ्यात आयएसडी इनपुट आणि आयएसडी आउटपुट दोन्ही असतात आणि जॉब कायम चालू राहतो. पॅरलल जॉब (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून घेणारा) उठायलाच काही सेकंद जातात, म्हणून समोर माणूस थांबणार असेल तर तिसराच प्रकार घ्या. महिनाअखेरच्या लोडसारख्या लांब कामाला पहिला ठीक, पण तिथे कॉलरला (विनंती पाठवणाऱ्या प्रोग्रामला) शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नका. रन आयडी लगेच परत द्या आणि स्टेटस विचारायला वेगळं ऑपरेशन ठेवा. सॅप डेटा सर्व्हिसेस या दुसऱ्या ईटीएल टूलमध्ये बॅच जॉब पब्लिश केला की हीच पद्धत तयार मिळते.

पायऱ्या थोड्या आहेत. जॉब प्रॉपर्टीजमध्ये मल्टिपल इन्स्टन्स (एकाच जॉबच्या अनेक प्रती एकदम चालणं) आणि इन्फर्मेशन सर्व्हिसेस या दोन्ही खुणा करून कंपाइल करा. कन्सोलमध्ये प्रोजेक्ट, त्यात ॲप्लिकेशन, त्यात सर्व्हिस, त्यात ऑपरेशन बनवा. ऑपरेशनला जॉब जोडा, सोप किंवा रेस्ट बाइंडिंग (विनंती कोणत्या पद्धतीने येणार ते) द्या आणि डिप्लॉय करा. सोप बाइंडिंग असेल तर डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसच्या इनपुट-आउटपुटचं वर्णन करणारी फाइल) तयार होते, ती सोपयूआय या चाचणीच्या टूलमध्ये उघडून पहिली विनंती पाठवा. इथवर सहसा कुणी अडत नाही.

अडतं ते जॉबच्या आत. नवी मुंबईचा पत्ता तपासणारी सर्व्हिस घ्या. ग्राहकाने ‘प्लॉट १२, सेक्टर ७’ एवढंच सांगितलं. सेक्टरचे आकडे इथे प्रत्येक नोडमध्ये (वाशी, ऐरोलीसारख्या उपनगरात) नव्याने सुरू होतात. सेक्टर ७ वाशीतही आहे, ऐरोलीतही आणि कोपरखैरण्यातही. लुकअप स्टेजला (दुसऱ्या टेबलात जुळणी शोधणाऱ्या पायरीला) एकापेक्षा जास्त जुळण्या परत करायला सांगितलं नसेल, तर एकच ओळ मिळते आणि ऐरोलीच्या माणसाला बिनदिक्कत वाशीचा पत्ता चिकटतो. बॅचमध्ये निदान लॉगमधली वॉर्निंग सकाळी कुणीतरी वाचतं. इथे चुकीचं उत्तर स्क्रीनवर जाऊन वापरलंही गेलेलं असतं. म्हणून ‘मल्टिपल रोज’ (अनेक ओळी) हा पर्याय चालू करा, ऑपरेशनचं आउटपुट ॲरे (ओळींची यादी) ठेवा, आणि नोड किंवा पिनकोड आलाच नसेल तर तसं सांगणारा स्टेटस कोड उत्तरात द्या. ४००७०८ आला की ऐरोली निश्चित होते, ४००७०३ आला की वाशी.

त्याच लुकअपमध्ये जुळणी मिळाली नाही तर काय करायचं, याचे चार पर्याय असतात : कंटिन्यू, ड्रॉप, फेल, रिजेक्ट. बॅचमध्ये फेल ठेवणं ही काळजी समजली जाते. कायम चालू जॉबमध्ये एका चुकीच्या पिनकोडने सगळा इन्स्टन्स ॲबॉर्ट होतो आणि त्याच्यातून जाणाऱ्या बाकीच्यांच्या विनंत्याही अडकतात. ड्रॉप ठेवलं तर ओळ वाटेतच गळते आणि कॉलरच्या हाती काहीच अर्थपूर्ण येत नाही. कंटिन्यू घ्या, पुढे ट्रान्सफॉर्मर स्टेजमध्ये नल (रिकामी किंमत) तपासा, आणि ‘सापडलं नाही’ हेही उत्तर म्हणूनच पाठवा.

नॉर्मल आणि स्पार्स लुकअपमधला फरक मुलाखतीत नेहमी विचारतात, आणि पुष्कळांचं उत्तर पाठ केलेलं असतं. नॉर्मलमध्ये रेफरन्स डेटा (ज्यात जुळणी शोधायची तो) जॉब सुरू होताना मेमरीत येतो. जॉब संपतच नसेल तर सकाळी अकरा वाजता टेबलात टाकलेला नवा ग्राहक सर्व्हिसला दिसणारच नाही, रीस्टार्ट होईपर्यंत. स्पार्समध्ये प्रत्येक ओळीला डेटाबेसकडे क्वेरी जाते. दहा लाख ओळींच्या बॅचला ते परवडत नाही, पण विनंतीगणिक एकच ओळ येणार असेल तर तेच योग्य. पिनकोडसारखा क्वचित बदलणारा मास्टर मात्र नॉर्मलमध्ये ठेवायला हरकत नाही.

आता प्रोसेसचा हिशेब. इथे नोड म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये दिलेला प्रोसेसिंगचा नोड, नवी मुंबईतला नव्हे. पॅरलल जॉबमध्ये एक कंडक्टर (सगळ्यांवर देखरेख करणारी प्रोसेस), प्रत्येक नोडला एक सेक्शन लीडर, आणि ढोबळमानाने प्रत्येक स्टेजला प्रत्येक नोडवर एक प्लेअर (प्रत्यक्ष काम करणारी प्रोसेस). दहा स्टेजचा जॉब चार नोडच्या कॉन्फिगवर १ + ४ + ४० म्हणजे सुमारे ४५ प्रोसेस घेतो. तीन इन्स्टन्स म्हणजे १३५, त्याही दिवसभर. एका नोडवर तोच जॉब १ + १ + १० म्हणजे १२ मध्ये होतो. एका ओळीची विभागणी चार नोडवर करून काही मिळत नाही, त्यामुळे सर्व्हिसच्या जॉबला एक नोडची वेगळी कॉन्फिग फाइल द्याच.

दुसरं दुखणं सकाळी पहिल्या विनंतीला कळतं. रात्री डेटाबेस रीस्टार्ट झाला किंवा फायरवॉलने निजलेलं कनेक्शन तोडलं, तरी जॉब आपला चालू दिसतो आणि पहिला कॉल फसतो. उपाय म्हणजे इन्स्टन्स ठरावीक अंतराने नव्याने सुरू करणे. सॅपच्या रिअल-टाइम सर्व्हिसमध्ये यासाठी ‘रिसायकल रिक्वेस्ट काउंट मॅक्स’ (किती विनंत्यांनंतर नव्याने सुरू करायचं तो आकडा) असतो, आणि सगळे इन्स्टन्स एकदम खाली जाऊ नयेत म्हणून ऑफसेटही देता येतो.

तारखेकडे बारीक लक्ष द्या. जन्मतारीख डेटटाइम म्हणून पाठवली आणि वाटेत कुणी ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नेली, तर भारतीय वेळेतली १५ ऑगस्टची मध्यरात्र १४ ऑगस्ट संध्याकाळचे साडेसहा होते. नुसती तारीख हवी असेल तर टाइप डेटच ठेवा. खाते क्रमांक नेहमी स्ट्रिंग. आकडा केला की पुढची शून्यं गेली.

सर्व्हिस काही लिहिणार असेल तर टाइमआउटनंतर कॉलर तीच विनंती पुन्हा पाठवणार, हे धरूनच चाला. प्रत्येक विनंतीला कॉलरकडून युनिक आयडी घ्या, टेबलात त्यावर युनिक की लावा, आणि तोच आयडी परत आला तर जुनंच उत्तर द्या. ही मागणी कॉलरच्या टीमकडे डिझाइनच्या बैठकीतच मांडावी लागते, कारण यूएटीत (वापरकर्त्यांच्या स्वीकृती चाचणीत) आल्यावर त्यांचा कोड बदलून मिळत नाही.

कॉलम वाढला किंवा नाव बदललं की डब्ल्यूएसडीएल बदलते आणि त्यावरून तयार केलेला समोरच्यांचा क्लायंट मोडतो. चालू ऑपरेशनला हात न लावता दुसऱ्या नावाचं नवं ऑपरेशन डिप्लॉय करा, आणि जुन्यावर एकही कॉल येत नाही हे लॉगमध्ये दिसल्यावरच ते बंद करा.