ईएमटी व्हायचंय? मग या चुका टाळा

गोव्यात १०८ ची अँब्युलन्स सेवा २००८ मध्ये सुरू झाली आणि ‘ईएमटी’ (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) हा शब्द हळूहळू पेडण्यापासून काणकोणपर्यंत लोकांच्या तोंडी बसला. गाडी चालवतो तो पायलट (पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल चालवणारा नव्हे), आणि मागे रुग्णापाशी असतो तो ईएमटी. बारावीनंतर नर्सिंगला नंबर लागला नाही की डिचोली, सत्तरी, फोंड्याकडची बरीच मुलं-मुली हल्ली या वाटेला वळतात. वाट चांगली आहे. पण जे अडखळतात त्यांच्याकडे पाहिलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माहिती कमी पडली म्हणून अडणारे थोडे, क्रम चुकला म्हणून अडणारे जास्त. हे फी भरण्यापासूनच सुरू होतं.

आधी फी, मग चौकशी

‘काही आठवड्यांत पॅरामेडिक बना’ अशी जाहिरात दिसली की आधी थांबा आणि विचारा: शेवटी हातात नेमका कोणता कागद पडणार? तीन वेगवेगळ्या गोष्टींची इथे सर्रास सरमिसळ होते.

पहिली, बीएलएस, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड दोन वर्षं चालतं, ते हवंच, पण त्याने कोणी ईएमटी होत नाही. नुसते व्हिडिओ बघून मिळालेलं सीपीआरचं (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचं) ‘सर्टिफिकेट’ तर बाजूलाच ठेवा. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात न ठेवता मिळालेल्या कार्डाला मुलाखतीत किंमत नसते.

दुसरी सरमिसळ खास आपल्याकडची. घरात कोणी तारवटी (बोटीवरचा खलाशी) असेल तर एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) प्राथमिक उपचाराचं प्रमाणपत्र घरातल्या फाईलमध्ये सापडतंच. बोटीवर जाणाऱ्यासाठी ते बंधनकारक आहे, पण ते खलाशाचं प्रशिक्षण, अँब्युलन्सचं नव्हे. ‘माझं मेडिकल झालेलं आहे’ म्हणत ते पुढे करणाऱ्यांची पंचाईत होते.

तिसरा, खरा ईएमटी कोर्स. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमात ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन-बेसिक’ या कामाला एचएसएस/क्यू२३०१ असा कोड आहे, ॲडव्हान्स्डला २३०२. संस्थेला फोन केलात की हा कोड विचारा. कोड सांगता येत नसेल आणि ‘आमचं स्वतःचं इंटरनॅशनल सर्टिफिकेट आहे’ असं उत्तर आलं, तर फीचे पैसे खिशातच राहू द्या.

याच्या वर आणखी एक पायरी आहे, तिच्याबद्दल संस्था आपणहून फारसं बोलत नाहीत. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात ईएमटी-पॅरामेडिक हे काम यादीत आलेलं आहे. पण त्या कायद्याने ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान दोन वर्षांत पसरलेलं, किमान २,००० तासांचं पदविका किंवा पदवी शिक्षण लागतं. म्हणजे काही महिन्यांच्या कोर्सवर आज गाडीवर काम मिळू शकतं, उद्याच्या नोंदणीची खात्री त्यातून मिळत नाही. माझं मत विचाराल तर घरची परिस्थिती दोन वर्षं देऊ शकत असेल तर ती द्यावीत. नसेल तर छोटा कोर्स करून कामाला लागण्यात काही कमीपणा नाही, पण आपण काय घेतलं आणि काय घेतलं नाही हे स्वतःला माहीत हवं. आखातात जायचा विचार असेल तर हे आणखी महत्त्वाचं. तिथे कागदपत्रांची पडताळणी थेट मूळ संस्थेकडून होते. संस्थाच बंद पडली असेल तर उत्तर कोण देणार?

सरकारी भरतीसाठी थोडक्यात: जाहिरातीत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं लिहिलेलं असतं, शिवाय पंधरा वर्षं वास्तव्याचा दाखला लागतो. जाहिरात आल्यावर मामलेदार कचेरीत धावण्यापेक्षा दाखला आधीच काढून ठेवा.

आणि हेपटायटिस-बीची लस. तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. हॉस्पिटल पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात पहिला डोस घेणारे दरवर्षी भेटतात. प्रवेश घेतला त्याच आठवड्यात सुरू करा.

प्रात्यक्षिकात मॅनिकिनवर तुटून पडणं

परीक्षक प्रसंग वाचून दाखवतो: पावसात हायवे ६६ वर स्कूटर घसरली, दोघं जखमी. विद्यार्थी धावत जाऊन बीपीचा पट्टा गुंडाळायला लागतो. गुण तिथेच गेले.

जागा सुरक्षित आहे का, मागून ट्रक येतोय का, पेट्रोल सांडलंय का, किती जखमी आहेत, आणखी गाडी लागेल का, हातात ग्लोव्हज आहेत का, हे सगळं रुग्णाला हात लावायच्या आधी. आणि हे मोठ्याने बोलायचं. तुमच्या मनात काय चाललंय ते परीक्षकाला ऐकू येत नाही. हुशार पण मुखदुर्बळ मुलं इथे हटकून मागे पडतात. त्यांना माझा सल्ला असा की घरी भावंडाला जमिनीवर झोपवून आठवडाभर मोठ्याने बडबडत सराव करा.

मग जखमी दोघांपैकी आधी कोणाकडे? मनगट मोडलेला जोरात ओरडत असतो, सगळे त्याच्याकडे जातात. मांडीतून रक्ताची धार लागलेला गप्प पडलेला असतो. ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळलं. जीवघेणा रक्तस्राव आधी, मग श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. टूर्निके (रक्तस्राव थांबवायचा पट्टा) आवळलं तर वेळ लिहा, त्याशिवाय ते काम अर्धवट. हेल्मेट एकट्याने ओढून काढू नका. एकाने मान-जबडा धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट सैल करून सोडवायचं.

छाती दाबता येते, श्वास देता येत नाही

छाती दाबण्याचे आकडे सगळ्यांना पाठ असतात: मिनिटाला १०० ते १२०, खोली किमान ५ सेंटिमीटर पण ६ च्या वर नाही, ३० दाबांमागे २ श्वास. तिथे चूक होते ती दोनच ठिकाणी. हात छातीवर रेलून राहतो, त्यामुळे छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात रक्त भरत नाही. आणि थकवा आला तरी कोणी जागा सोडत नाही. दोन मिनिटांनी माणूस बदला, दमला नसलात तरी.

खरी गडबड बॅग-मास्कवर, म्हणजे चेहऱ्यावर मास्क धरून हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीवर होते. छाती वर येत नाही असं दिसलं की विद्यार्थी बॅग आणखी जोरात दाबतो. हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि श्वासमार्गच बुजतो. म्हणून छाती वर आली नाही तर असं करा. आधी डोक्याची स्थिती बदला. अपघाताचा रुग्ण असेल तर मान न वाकवता जबडा पुढे ढकला. मग मास्कची कड बघा: मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, चेहरा मास्ककडे उचलायचा असतो. एका हाताने जमत नसेल तर दोन्ही हातांनी मास्क धरा आणि बॅग दुसऱ्याला दाबू द्या. तोंडात स्राव असेल तर सक्शनने ओढून काढा. रुग्ण बेशुद्ध असेल आणि ओकारीची उबळ येत नसेल तरच तोंडातला एअरवे (श्वासमार्ग मोकळा ठेवणारी नळी) घाला. उबळ येणाऱ्याच्या तोंडात तो कोंबणं ही परीक्षेत नापास करणारी आणि गाडीत जीव धोक्यात घालणारी चूक आहे. एवढं करूनही हवा जात नसेल तर काहीतरी अडकलंय असं समजा.

मोठ्या माणसाच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा असते, लागते ५०० ते ६०० मिलिलिटर. नाडी आहे पण श्वास नाही, अशा प्रौढाला सहा सेकंदांनी एक श्वास पुरतो. घाबरलेला हात याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने दाबतो आणि छातीत दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं.

बुडालेल्याचा क्रम वेगळा

क्रम पाठ करून भागत नाही, तो तसा का हे कळावं लागतं, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर ते सगळ्यात आधी कळतं. अचानक हृदय बंद पडलेल्याच्या रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून आधी छाती दाबायची. बुडालेल्याचा ऑक्सिजनच आधी संपलेला असतो आणि त्यामुळे हृदय थांबतं. म्हणून त्याला आधी श्वास (युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत पाच), मग दाब.

इथल्या चुका ठरलेल्या. पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरणं, तोंडाला आलेला फेस पुसत बसणं. फेस येतच राहतो, त्याच्यावरूनच श्वास द्या. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) लावायचा तर आधी रुग्णाला पाण्यातून बाजूला घ्या आणि छाती टॉवेलने कोरडी करा. ओल्या छातीवर पॅड नीट चिकटत नाहीत. आणि शुद्धीवर आलेला पर्यटक ‘आय ॲम फाइन’ म्हणत उठून चालायला लागला, तरी त्याला हॉस्पिटलात न्या. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

ऑक्सिजनचं गणित न करणं

बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने १५० मिनिटं. काटा पाव भागावर असेल तर चाळीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, आणि काणकोणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठायला तासाच्या वर लागतो. शिफ्ट सुरू होताना काटा बघायचा असतो, रुग्ण आत घेतल्यावर नव्हे. पिशवीवाला मास्क लावताना आधी पिशवी फुगू द्या, मग चेहऱ्यावर ठेवा. आणि सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला डोळे मिटून भरपूर ऑक्सिजन देऊ नका. सीओपीडीत रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य असतं.

साप, आणि पहाटेचं पोटदुखणं

दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, साप मारून आणायची गरज नाही, एवढं सगळे सांगतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. हात किंवा पाय हलू न देता आधाराच्या पट्टीत (स्प्लिंट) बांधा, अंगठ्या-कांकणं काढा, चालवू नका.

चुकतं ते मण्यारीच्या बाबतीत. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत जवळपास नाही, खूण दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि नोंद ‘गॅस’ अशी होते. पावसाळ्यात सत्तरी-सांगेकडून असा कॉल आला तर डोळ्यांच्या पापण्या बघा. त्या जड होऊन खाली येत असतील, गिळताना त्रास होत असेल, तर बॅग-मास्क हाताशी ठेवा. श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात.

फोनवरच्या डॉक्टरला न विचारता औषध, आणि न मोजता आकडे

महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो असं ऐकून आपल्याकडचे काही जण गोंधळतात. आपल्याकडे ईएमटी औषध देतो ते फोनवरच्या डॉक्टरच्या सूचनेवर. छातीत दुखणाऱ्याला नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवण्याआधी वरचं बीपी ९० च्या खाली नाही ना, आणि गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतलेली नाही ना, हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. दुसरा प्रश्न बायकोसमोर किंवा मित्रांसमोर विचारलात तर उत्तर खरं येणार नाही, तेव्हा गाडीत घेतल्यावर हळूच विचारा.

रुग्णाच्या नोंदपत्रकात सगळ्यांचा श्वास मिनिटाला १८ असतो, हा आपल्याकडचा एक चमत्कारच. खरंच मोजा, निदान अर्धा मिनिट. अस्थिर रुग्णाचे नाडी, श्वास, बीपीचे आकडे दर ५ मिनिटांनी, स्थिर असेल तर दर १५ मिनिटांनी, आणि पहिलाच आकडा खाली उतरवत जाऊ नका. प्रकरण कोर्टात गेलं तर तेच पत्रक पुढे येतं. ‘गुड समरिटन’ कायद्याने आपण सुरक्षित आहोत असं पुष्कळांना वाटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आहे ते मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आपणहून मदत करणाऱ्यासाठी. पगारी ड्युटीवरच्या माणसाने त्याच्यावर विसंबू नये.

पक्षाघाताच्या रुग्णाला घरातून उचलताना सगळे स्ट्रेचर, जिना आणि गर्दीत गुंततात आणि एकच प्रश्न राहून जातो: शेवटचं ठीकठाक कोणी, किती वाजता पाहिलं? गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी साधारण साडेचार तासांची मुदत त्या वेळेपासून धरतात, लक्षणं कोणाच्या लक्षात आली तेव्हापासून नाही. साखरही तिथेच तपासा, कमी साखरेने हुबेहूब तसंच दिसू शकतं. आणि ज्याने शेवटचं पाहिलं तो गाडीत येत नसेल तर त्याचा फोन नंबर पत्रकावर लिहून घ्या. गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिल्या मिनिटात तोच मागतील.