तीळ आणि डाग: घरच्या घरी त्वचा कशी तपासावी

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, भरपूर उजेडात मोठ्या आरशासमोर उभे राहून डोक्यापासून पायांपर्यंत त्वचा पाहावी. पाठीसाठी हातातला आरसा वापरावा आणि केसांखालची त्वचा घरातल्या माणसाकडून तपासून घ्यावी. सावळ्या त्वचेत मेलानोमा हा कर्करोग विरळा असला, तरी तो बहुधा तळपायांवर, तळहातांवर किंवा नखांखाली उद्भवतो, आणि नेमके तेच भाग आपण निरखून पाहत नाही, म्हणून तिथे सर्वाधिक वेळ द्यावा. ठाण्याच्या पावसाळ्यात चिखल्यांनी बेजार झालेल्या पायांवर काळा डाग दिसला, तर तोही चिखल्यांचाच समजून सोडून देऊ नये.

तिळाचे दोन अर्धे भाग जुळत नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, रंग एकसारखा नसेल, व्यास ६ मिलिमीटरहून अधिक असेल किंवा नखातली उभी काळी रेघ रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मला सर्वांत महत्त्वाचे लक्षण वाटते ते बदलाचे. त्यासाठी तिळाशेजारी पट्टी ठेवून दर महिन्याला छायाचित्र काढावे. पुढील उपचारांची गरज भासल्यास टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र नवी मुंबईत खारघरलाच आहे. संशयास्पद तीळ चुना लावून किंवा पार्लरमध्ये मुळीच काढू नये, कारण जळून गेलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येत नाही.