पाकीट उलटं करून मागचे नंबर कसे वाचायचे

खाण्याच्या पाकिटामागे घटकांमध्ये जे नंबर छापलेले असतात, त्यांची एक यादी आमच्या सांगलीत व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा तरी फिरतेच, "हे नंबर दिसले तर पाकीट टाकून द्या, कॅन्सर होतो" म्हणून. आमच्या घरात सासऱ्यांना बीपी, आईला शुगर आणि मुलीला दमा, त्यामुळे मी बरीच वर्षं प्रत्येक पाकीट उलटं करून वाचते आणि आता चुकीचे सल्ले ऐकले की खरंच राग येतो. त्यातला सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "जे नाव वाचता येत नाही ते खाऊ नका". ॲस्कॉर्बिक ॲसिड वाचायला अवघड आहे, पण ते क जीवनसत्त्व आहे. साखर, मीठ, पामतेल ही नावं पोरगंपण वाचतं, आणि घरोघरी खरा त्रास त्यांनीच होतो.

पुढची बाजू वाचूच नका. नॅचरल, मल्टीग्रेन, होल व्हीट, आजीच्या हातची चव, सगळं सोडून द्या. पुढचा हिरवा ठिपका तेवढा बघायचा.

पहिले तीन घटक बघा. नियम असा आहे की जे वजनाला जास्त ते यादीत आधी लिहायचं. मल्टीग्रेन म्हणून घेतलेल्या बिस्किटात पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी-ज्वारी पार खाली दोन-तीन टक्के असेल तर ते मैद्याचंच बिस्कीट. साखरेकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण ती एकाच नावानं येत नाही, साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशी चार ठिकाणी वाटून आली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि वर मैदा एकटा दिसतो, तेव्हा या सगळ्यांची मनात बेरीज करायची. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेत धरतही नाहीत पण रक्तातली शुगर ते झपाट्यानं वाढवतं, आईसाठी आणलेल्या "नो ॲडेड शुगर" पाकिटात मी पहिलं तेच शोधते. शुगर-फ्री बिस्किटात ९६५ म्हणजे माल्टिटॉल असेल तर दोनच खा, जास्त खाल्लं की पोट बिघडतं.

तक्ता वाचताना १०० ग्रॅमचाच रकाना वाचा. "पर सर्व्ह"चा रकाना सोडा, कारण सर्व्ह किती ते कंपनी ठरवते आणि ३० ग्रॅम फरसाण खाऊन कोण उठतं? सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. म्हणजे १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झालं, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत राहावं. साखरेचे ४ ग्रॅम म्हणजे साधारण एक चमचा. ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे "झीरो ट्रान्स फॅट" बघून खूश होऊ नका, शेजारचा सॅच्युरेटेड फॅटचा आकडा बघा.

आता नंबर. इथेच माझी काही वर्षं वाया गेली म्हणून सविस्तर सांगते.

ती यादी पहिल्यांदा आली तेव्हा मी प्रिंट काढून फ्रीजला लावली होती. त्यात ३३० सगळ्यात घातक असं लिहिलं होतं, म्हणून मी सॉस बंद केला, जॅम बंद केला, पोरीला सरबतसुद्धा देईना. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. पुढे कळलं की असली यादी १९७६ पासून फ्रान्समध्ये फिरत होती, तिथल्या एका कॅन्सर संस्थेच्या नावावर खपवलेली, आणि त्या संस्थेनं आमचा याच्याशी संबंध नाही असं स्वतः सांगितलेलं होतं. तीच भीती इतक्या वर्षांनी आपल्या ग्रुपवर येऊन पडते. आणि नंबर १०० काय आहे माहितीये? करक्युमिन, हळदीचा पिवळेपणा! सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या वासात वाढलेली मी, आणि नंबर दिसला म्हणून पाकीट परत ठेवत होते.

तर नंबर म्हणजे विष नाही, नंबर म्हणजे नुसती ओळख. आपल्याकडे त्याला आयएनएस म्हणतात, युरोपात पुढे ई लावतात, आकडा बहुतेक तोच असतो. ढोबळमानानं शंभरातले रंग, दोनशेतले माल टिकवणारे, तीनशेतले आंबटपणाचे आणि तेल खवट होऊ न देणारे, चारशेतले घट्टपणा आणणारे, पाचशेतले सोड्यासारखे, सहाशेतले चव वाढवणारे. ५०० च्या पुढे कंसात दोन असेल तर तो खायचा सोडा, ३२२ लेसिथिन, ४१२ गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांचा. यांच्यावर वेळ घालवू नका. ६३१ म्हणजे डुकराची चरबी असा मेसेज येतो, पण तो पदार्थ आंबवूनही बनवतात, आणि पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर प्राण्यापासूनचा वापरता येतच नाही. ६२१, म्हणजे एमएसजी, एक वर्षाखालच्या बाळाला नको असं पाकिटावरच लिहावं लागतं ते पाळा, बाकीच्यांनी नूडल्सच्या मसाल्यातल्या मिठाची काळजी आधी करावी.

मग बघायचं काय? आपल्या घरातल्या माणसाला काय चालत नाही ते. हे मला कळलं ते पोरीमुळे.

ती सात वर्षांची होती, दिवाळीच्या आधी शिऱ्यात घालायला मी सुटा बेदाणा आणला. दुकानदार म्हणाला, "वैनी, हा बघा, काय कलर आहे!" पिवळाजर्द, सगळे दाणे एकसारखे, पिशवी उघडली की नुकतीच काडी ओढल्यावर येतो तसला वास. तिनं मूठभर खाल्ला आणि अर्ध्या तासात छाती शिट्टी वाजवायला लागली, मानेजवळचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. मिरजेला नेलं, वाफ दिली, आणि डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "बेदाणा पिवळा होता का तपकिरी?" पिवळा रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्यातून सल्फाइट राहतं. बहुतेकांना त्याचं काही होत नाही, पण दम्याच्या काही जणांना होतं. तेव्हा फ्रीजवर यादी लावलेलीच होती आणि मी पोरीला लिंबाच्या आंबटापासून वाचवत होते!

म्हणून घरात दमा असेल तर २२० ते २२८ हे सल्फाइटचे आकडे पाठ करा. बेदाणा, जर्दाळू, स्क्वॅश, काही बिस्किटं यात ते सापडतात, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते पाकिटावर लिहायलाच लागतं. सुट्या मालाला लेबल नसतं, तिथं नाक वापरा आणि धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा मागा, दिसायला कमी पण आमच्याकडे आता तोच येतो.

किडनीचा त्रास असेल तर ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ बघा, हे सगळे फॉस्फेट, आणि दुबळ्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही, कोलामध्ये ३३८ असतंच. अशा माणसाला लो सोडियम मीठसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं आणि ते हृदयाला धोक्याचं ठरू शकतं. लहान पोरांसाठी रंग बघा, १०२, ११०, १२२, १२४. आपल्याकडे हे मर्यादेत चालतात, पण युरोपात २०१० पासून यांच्यावर "मुलांच्या एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो" अशी सूचना छापावी लागते. मी हे रोजच्या डब्यात देत नाही, जत्रेतल्या एका गोळ्यावरून मात्र पोरीशी भांडत नाही. आणि सरबताच्या बाटलीवर २११ (सोडियम बेन्झोएट, माल टिकवणारं) आणि ३०० (ॲस्कॉर्बिक ॲसिड) दोन्ही असतील तर दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या क्रेटमधली बाटली घेऊच नका, उष्णतेनं त्या दोघांपासून थोडं का होईना बेन्झीन तयार होऊ शकतं, आणि त्यानं मात्र खरंच कॅन्सर होऊ शकतो, आणि एप्रिल-मेमधलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे.

तारीख आणि १४ आकडी एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, लायसन्स नंबर बघा, नसेल तर घेऊ नका, तक्रार फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर करता येते. अक्षर बारीक असेल तर मोबाईलचा कॅमेरा लावून मोठं करा.

खाऊन त्रास झालाच तर पाकीट कचऱ्यात टाकू नका. डबा भरताना आपण पाकीट लगेच फेकतो, ती सवय आधी मोडा, माल संपेपर्यंत रिकामं पाकीट चिमटा लावून त्याच डब्यात ठेवा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला तर माणसाला आधी न्या आणि ते पाकीट सोबत घ्या, कारण डॉक्टर काय खाल्लं विचारतात तेव्हा "बिस्कीट" या उत्तरातून त्यांना काहीच कळत नाही.