गावातील हस्तकला कार्यशाळेचा आढावा विद्यार्थ्यांनी कसा घ्यावा

सातारा जिल्ह्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात, किंवा अलीकडे क्षेत्रीय प्रकल्पाच्या निमित्ताने, एखाद्या गावात हस्तकलेची कार्यशाळा भरवतात. तिच्या तयारीवर पुष्कळ विचार होतो. कार्यशाळा पार पडल्यावर मात्र अहवाल घाईने लिहिला जातो आणि पुढच्या तुकडीच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. हा आढावा नीट कसा घ्यावा, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. उदाहरण म्हणून पाटण तालुक्यातील डोंगराकडेच्या एखाद्या गावात बुरूड कारागिराकडून बांबूची टोपली विणायला शिकण्याची एका दिवसाची कार्यशाळा धरली आहे. माण-खटावकडची घोंगडी असो किंवा घरोघरची गोधडी, थोड्या फरकाने हीच पद्धत तिथेही चालेल. आढाव्यावर पहिला हक्क कारागिराचा आणि गावाचा असतो व महाविद्यालयाचा त्यानंतर, असे माझे ठाम मत आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याला धरूनच केले आहे.

कार्यशाळेपूर्वी: अपेक्षा लिहून ठेवाव्यात

आढाव्याची सुरुवात कार्यशाळेच्या आधी होते. गावाला निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: किती आणि कोणती माणसे येतील असे वाटते, ती दिवसअखेर काय करू शकतील, या कामाविषयी आपल्याला आज काय माहीत आहे आणि कशाची काळजी वाटते. कागदावर नाव व तारीख घालून तो पाकिटात बंद करावा आणि गटप्रमुखाकडे द्यावा. काम झाल्यावर आपण पूर्वी काय समजत होतो हे माणूस विसरतो आणि जे घडले तेच आपल्याला अपेक्षित होते असे त्याला प्रामाणिकपणे वाटू लागते. लिहिलेला कागद ही विस्मृती रोखतो. बांबूकामाची माहिती ‘शून्य’ असे लिहिणाऱ्याने संकोच करू नये. तो कागद नंतर सर्वांत उपयोगी पडतो.

याच वेळी दिवस कसा ठरला, तेही टिपून ठेवावे. कारागिराला विचारून ठरला, की महाविद्यालयाच्या वेळापत्रकातून? पाटणच्या बाजूला भातकाढणीच्या दिवसांत घरातील स्त्रिया शेतात असतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की बुरुडाकडे सुपे आणि दुरड्यांची मागणी वाढते. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी तर त्याला मान वर करायलाही फुरसत नसते. उपस्थिती कमी का राहिली, याचे उत्तर पुष्कळदा या एका नोंदीतच सापडते.

कार्यशाळेच्या दिवशी: पाहणारा एक जण वेगळा ठेवावा

सगळेच विद्यार्थी धावपळीत असले तर संध्याकाळी प्रत्येकाकडे फक्त आपापल्या कामाची आठवण उरते. म्हणून दिवसाचे तीन-चार भाग पाडावेत आणि प्रत्येक भागात एका विद्यार्थ्याकडे केवळ पाहण्याचे व लिहिण्याचे काम द्यावे. त्याने सतरंज्या घालू नयेत, चहा वाटू नये, छायाचित्रेही काढू नयेत. कार्यशाळा प्रत्यक्ष किती वाजता सुरू झाली, कोण आले आणि कोण केव्हा उठून गेले, कोण कुठे बसले, काम कोणत्या टप्प्यावर अडले, कारागिराने काय सांगितले, हे सारे त्याने शक्य तितक्या त्याच शब्दांत आणि वेळ घालून टिपावे.

बांबूकामात हे टिपण विशेष मोलाचे ठरते, कारण अडचण जिथे दिसते तिथे तिचे कारण बहुधा नसते. समजा, दुपारच्या जेवणापर्यंत एकाही शिकाऊ माणसाच्या टोपलीचे बूड पुरे झाले नाही. नुसते पाहणाऱ्याला वाटेल की लोकांना विणकाम जमले नाही. टिपण वाचल्यावर मात्र कदाचित असे दिसेल की सकाळचा सारा वेळ बांबू फोडण्यात आणि कामट्या, म्हणजे विणायच्या पातळ पट्ट्या, तासण्यात गेला. ताजा, हिरवा बांबू सरळ फुटतो. वाळलेला बांबू आधी पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर कामटी वाकवताना तडकते. बांबू कधी तोडला होता, कामट्या आदल्या दिवशी तयार होत्या का, त्या एकसारख्या जाडीच्या होत्या का, कोयते आणि सुऱ्या किती होत्या, या नोंदींवरून अडचणीचे मूळ शिकणाऱ्यात होते की तयारीत, हे कळते. बूड विणणे हा टोपलीतला सर्वांत किचकट भाग असतो. उभ्या कामट्या हलू न देता आडवी कामटी फिरवण्याची पकड हाताला बसायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी पूर्ण टोपली होईल ही अपेक्षा मुळात बरोबर होती का, हा प्रश्नही आढाव्यात यायला हवा. बूड कारागिराने आधी विणून ठेवावे आणि शिकणाऱ्यांनी फक्त भिंत चढवावी, हा मार्ग सोयीचा आहे. मला मात्र बूड स्वतः विणून टोपली अर्धी ठेवणारा शिकाऊ अधिक शिकला असे वाटते. गटाने यावर आपले मत बनवावे आणि ते कारणासह लिहावे.

बोटांत बांबूची बारीक कूस जाणे, सुरी लागणे अशा लहान इजांची नोंदही टाळू नये. कोणाला, कोणते काम करताना आणि किती वाजता इजा झाली हे लिहिले की लहान मुलांच्या हाती कोणते हत्यार द्यायचे नाही, ते पुढच्या वेळी अंदाजाने ठरवावे लागत नाही.

त्याच संध्याकाळी: फक्त घडलेले सांगावे

गाव सोडण्यापूर्वी समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओसरीवर अर्धा तास बसावे. या बैठकीचा नियम एकच असावा: प्रत्येकाने आपण स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगायची, तिचे कौतुक करायचे नाही आणि दोषही कोणाला द्यायचा नाही. ‘लोकांचा उत्साह कमी होता’ हे मत झाले. ‘तीन वाजता पाच बायका उठल्या, कारण नळाला पाणी यायची वेळ झाली होती’ ही घडलेली गोष्ट झाली. अशा गोष्टी एकाने क्रमाने उतरवून घ्याव्यात. एकाच प्रसंगाविषयी दोघांनी वेगवेगळे सांगितले तर दोन्ही ठेवावे. त्यावर वाद घालण्याची ही वेळ नाही.

आठवड्याभरात: पुन्हा गावात जावे

ही पायरी सर्वांत अवघड असते आणि बहुतेक गट तीच गाळतात. ती गाळली तर उरतो तो विद्यार्थ्यांचा आपसातला संवाद, आणि त्याला आढावा म्हणणे कठीण आहे. दोघा-तिघांनीच जावे, कारागिराला आधी निरोप द्यावा आणि त्याच्या अंगणात, त्याचे काम चालू असताना बसावे.

आपल्याकडे पाहुण्याला नाराज करण्याची रीत नाही. ‘दादा, कार्यशाळा कशी झाली?’ असे विचारले की ‘चांगली झाली की, पोरं हुशार हायती’ हेच उत्तर येणार आणि त्यातून काही कळणार नाही. त्याऐवजी पुढच्या कामाविषयी विचारावे. पुढच्या वेळी कोणता वार धरू? यातले काय गाळू? एका वेळी तुमच्याजवळ किती जण बसवू? तुमचे हातातले काही काम त्या दिवशी राहून गेले का? अशा प्रश्नांना माणूस खरे उत्तर देतो, कारण त्यात कोणाचा उणेपणा काढावा लागत नाही. शिकायला आलेल्या स्त्रिया भरल्या सभेत बोलत नाहीत. विद्यार्थिनींनी त्यांच्या घरी किंवा बचत गटाच्या बैठकीत जाऊन त्यांच्याशी बोलावे. जे आले नाहीत अशा दोन-तीन घरांतही जावे. ते का आले नाहीत, हे आलेल्यांकडून कळत नाही.

पैशाचा हिशोब याच भेटीत कारागिरासमोर मांडावा. मानधन किती दिले, बांबूचे किती, वाहतुकीचे किती आणि त्या दिवसाची त्याची नेहमीची कमाई किती बुडाली, हे एका कागदावर यावे. मानधन ठरवताना एक आकडा आधाराला घेता येतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण घेणाऱ्या कारागिराला दिवसाला 500 रुपये विद्यावेतन मिळते. शिकणाऱ्याला एवढे मिळते, तर शिकवणाऱ्याला त्याहून कमी देणे कोणत्याही गटाला शोभणारे नाही. बुरूड कुटुंबांत विणकाम बहुधा नवरा-बायको दोघेही करतात. कार्यशाळेत वहिनींनीही दिवसभर शिकवले असेल आणि मानधनाच्या पावतीवर व प्रमाणपत्रावर नाव मात्र एकट्या दादांचे असेल, तर ही गोष्ट आढाव्यात ठळकपणे नोंदवावी आणि शक्य असेल तर लगेच दुरुस्त करावी. याच योजनेच्या 18 व्यवसायांत टोपल्या विणणाऱ्यांचा समावेश आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्याची माहिती त्या घरापर्यंत पोहोचली आहे का, हेही विचारावे.

बांबू कोठून आला, तेही लिहावे. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू कायद्याने ‘वृक्ष’ धरला जात नाही. त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले आहे. जंगलातील बांबूला ही मोकळीक नाही. पाटणच्या परिसरात दोन्ही प्रकारचा बांबू शेजारी-शेजारी वाढतो, म्हणून माल कोणाच्या बांधावरचा होता याची नोंद पुढच्या तुकडीला अडचणीतून वाचवते.

जातीचा प्रश्न टाळू नये

हस्तकलेविषयी बोलताना विद्यार्थी ‘परंपरा जपली पाहिजे’ असे सहज लिहून जातात. बुरूडकाम एका जातीच्या वाट्याला आलेले काम होते. महाराष्ट्रात बुरूड समाज अनुसूचित जातींत मोडतो, आणि ज्या माणसाने लग्नाची सुपे, दुरड्या, धान्याच्या कणग्या आणि तिरडीचे बांबू पुरवले त्याला गावाच्या पंगतीत बरोबरीचे स्थान होतेच असे नाही. त्याच्या मुलाला हे काम करायचे नसेल तर त्यामागे पुरेशी कारणे असतात. म्हणून परंपरा जपण्याविषयी लिहिण्याआधी गटाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. कार्यशाळेत कारागीर खुर्चीवर बसला होता की जमिनीवर, आणि पाहुणे कुठे होते? तो सर्वांबरोबर जेवला का? भाषणात त्याचे पूर्ण नाव घेतले गेले, की नुसते ‘आपल्या गावचे बुरूड’ असे म्हटले गेले? शिकायला कोणत्या वस्तीतील लोक आले आणि कोणत्या वस्तीतील आले नाहीत?

साताऱ्याच्या विद्यार्थ्यांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि अंगमेहनतीची कामे स्वतः करत. श्रमाला मान द्यायचा तर श्रम करणाऱ्याच्या शेजारी बसून जेवायला हवे, हे या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. आपली कार्यशाळा या कसोटीला कितपत उतरली, ते आढाव्यात स्पष्ट लिहावे.

लेखन

आता बंद पाकिटे उघडावीत. प्रत्येकाने आपली जुनी अपेक्षा आणि प्रत्यक्षात घडलेले समोरासमोर ठेवून आपले टिपण लिहावे. जे घडले, ते का घडले असे वाटते आणि पुढच्या वेळी नेमके काय बदलावे, या तीन गोष्टी त्यात आल्या की पुरे. ‘या कार्यशाळेतून आम्हाला खूप काही शिकायला मिळाले’ हे वाक्य कोणत्याही कार्यशाळेबद्दल लिहिता येते, म्हणून ते काढून टाकावे. त्याच्या जागी असे वाक्य यावे: ‘कामट्या तासण्यात सकाळ गेली आणि लहान मुले कंटाळून उठली, पुढच्या वेळी कामट्या आदल्या दिवशी कारागिराला मजुरी देऊन करून घ्याव्यात आणि मुलांना दुपारी बोलवावे.’ हे वाचून कोणालाही उद्या काम सुरू करता येते. टिपणात गावकऱ्यांची नावे, बोलणे किंवा छायाचित्रे वापरायची असतील तर त्यांना दाखवून परवानगी घ्यावी.

सर्व टिपणांवरून गटाने चार-पाच पानांचा एकत्रित आढावा तयार करावा. मतभेद राहिले तर ते मतभेद म्हणूनच द्यावेत. मसुदा कारागिराला वाचून दाखवावा, त्याच्या दुरुस्त्या घालाव्यात आणि मगच तो मार्गदर्शक प्राध्यापकांकडे द्यावा. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक कारागिराच्या घरी राहावी.

साधारण तीन महिन्यांनी एकाने पुन्हा फेरी मारून विणलेल्या टोपल्या कोणत्या घरात वापरात आहेत ते पाहावे. टोपलीखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर बांबूला भुंगेरा लागला आहे; बांबूतील पिष्ट (स्टार्च) खाणारी ही कीड असते. मग बांबू कोणत्या महिन्यात तोडला होता आणि तो पाण्यात किती दिवस ठेवला होता, ते जुन्या नोंदीतून काढून कारागिराला विचारावे. कोणी दुसरी टोपली स्वतः विणली असेल तर तिची नोंद अवश्य घ्यावी. ही शेवटची पाने जोडून फाइल पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी, आणि त्या तुकडीने ती वाचून झाल्यावरच नव्या कार्यशाळेचा दिवस विचारायला गावात जावे.