छोटा बंधारा काढताना या चुका टाळा

भिंत पाडणं सोपं. पोकलेन चार दिवसांत ती उडवतं. काम फसतं ते तिच्यामागच्या गाळामुळे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढले की गाळाला वाट मिळते. पक्क्या बंधाऱ्यामागे मात्र कित्येक वर्षांचा गाळ तसाच साचून राहतो.

गाळ न तपासणं. अमेरिकेत हडसन नदीवरचा फोर्ट एडवर्ड बंधारा १९७३ साली काढला आणि कारखान्यांतून आलेलं, गाळात बसलेलं पीसीबी हे विषारी रसायन खाली वाहत गेलं. वरचा गाळ ताजा, स्वच्छ असतो, विष बहुधा खालच्या थरात सापडतं. म्हणून मूळ तळापर्यंतचे नमुने घ्या आणि जड धातू, कीटकनाशकं, पीसीबी तपासा. दूषित गाळ आधी उचलावाच लागतो. स्वच्छ वाळू-गोटे असतील, उतार चांगला असेल, तर नदीलाच वाहू द्या. ऑरेगनमधल्या सँडी नदीवरचं मार्मट धरण २००७ मध्ये तात्पुरत्या मातीच्या बांधाआड पाडलं आणि ऑक्टोबरच्या पुरात तो बांध फुटू दिला. मागे सात लाख घनमीटरहून जास्त वाळू-गोटे होते. सपाट ओढ्यात चिकणमातीवर हा प्रयोग करू नये.

पाणी एकदम सोडणं. भिजलेले काठ ढासळतात, मासे आणि शिंपले चिखलात अडकतात. पातळी दिवसाला साधारण १५ ते ३० सेंमी उतरवा, तेही कमी प्रवाहात आणि माशांचा विणीचा काळ टाळून.

वरच्या बाजूचा पूल विसरणं. भिंत गेली की तळात पायरी पडते आणि ती खरवडत वर सरकते. कठीण खडक किंवा जुना उतार लागेपर्यंत थांबत नाही. बंधाऱ्याच्या खालचा आणि फुगवट्याच्या वरचा तळ लेव्हलने मोजून कागदावर रेषेने जोडा. आजचा तळ आणि ही रेषा यांच्यामध्ये पुलाचा पाया किंवा जलवाहिनी येत असेल, तर आधी दगडी उतार बांधा. तो १:२० पेक्षा तीव्र नको, नाहीतर माशांपुढे नवा बंधारा उभा राहतो.

पाया ठेवून देणं. खर्च वाचवायला ३० सेंमीचा उंबरठा सोडतात. सॅमन तो उडी मारून ओलांडेल, लहान मासे तिथेच अडतील.

चिखल उघडा ठेवणं. तिथे उपरं गवत आधी माजतं आणि पाणथळ जागा परत येतच नाही. स्थानिक लव्हाळ्याचं बी त्याच आठवड्यात पेरा.

आणि काही बंधारे काढूच नयेत. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांना मिळणाऱ्या नद्यांवरचे अनेक बुटके बंधारे माशांना चिकटून रक्त शोषणाऱ्या सागरी लॅम्प्रीला विणीच्या जागांपासून अडवतात. तिथे भिंत पाडली तर तिचीच पैदास वाढेल.