भाताचं पाणी तोडण्याआधी मातीत कोणता धातू आहे ते बघा

भात पोटरीत आलं की पाणी तोडायची घाई सुरू होते. मातीत कॅडमियम हा विषारी जड धातू असेल तर हीच घाई नडते. पीक हिरवंगार, लोंब्या भरलेल्या आणि तांदूळ मात्र तपासणीत नापास, असं पुन्हापुन्हा पाहण्यात आलंय. उघाड पडायची चिन्हं असतील तर बाकीची कामं मागे राहू द्या. आधी पाण्याचं ठरवा.

खाचरात पाणी साचलं की एक-दोन दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. मग जिवाणू मँगेनीज आणि लोहाच्या ऑक्साइडवर जगतात, त्यानंतर सल्फेटचा सल्फाइड होतो. हा सल्फाइड कॅडमियमला बांधून ठेवतो. आम्ल जमिनीचा सामूही (पीएच) साताकडे सरकतो, त्यामुळे धातू आणखी जखडतो. पाणी काढलं, भेगा पडल्या, हवा शिरली की सल्फाइड मोडतो, सामू उतरतो आणि मोकळा झालेला कॅडमियम मुळं मँगेनीजच्याच वाटेने उचलतात. दाणा भरायच्या दिवसांत हे घडलं तर तो थेट तांदळात जातो. म्हणून लोंबी बाहेर पडण्याआधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे खाचर सुकू द्यायचं नाही.

आर्सेनिक या दुसऱ्या विषाचं गणित उलटं आहे. तो लोहाच्या ऑक्साइडला चिकटून बसतो. पाण्याखाली लोह विरघळतं, आर्सेनिक सुटतो आणि सिलिकाच्या वाटेने मुळात शिरतो. तिथे फुटव्यांच्या काळात खाचर अधूनमधून सुकवा. छिद्राची नळी रोवून आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंमीपर्यंत उतरू द्या, मग पुन्हा भरा. फुलोऱ्यात मात्र २ ते ५ सेंमी पाणी हवंच, नाहीतर पळींज (पोकळ दाणे) वाढेल. दोन्ही धातू असतील तर फुटव्यांत सुकवा आणि निसवताना पाणी धरा. हा मधला मार्ग आहे, पूर्ण इलाज नाही.

मातीही सारखी नसते. फुगणारी, भेगाळणारी चिकणमाती कॅडमियम बऱ्यापैकी धरून ठेवते. केओलिनाइटच्या (न फुगणाऱ्या चिकणमातीच्या) तांबड्या, आम्ल जमिनीत ती पकड कमी, तिथे पाणी तोडताना जास्त जपा.

रोप उपटून मुळं धुऊन बघा. नारिंगी लेप असेल तर लोह भरपूर आहे, आणि तो लेप आर्सेनिक काही अंशी बाहेरच अडवतो. मुळं काळी आणि चिखलाला सडक्या अंड्याचा वास, तर सल्फाइड तयार झालाय. पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडी फिरवा: तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुधा लोहाचा, लगेच जुळला तर तेलाचा. हे सगळे शेतातले अंदाज. धातू किती आहे ते प्रयोगशाळाच सांगते.

‘जड धातू शोषून घेणारी’ महागडी पावडर गळ्यात मारणारे या दिवसांत हमखास भेटतात. शिसं असो की कॅडमियम, धातू मातीतून नाहीसा होत नाही, फक्त रूप बदलतो. पुडीवर घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल तर परत द्या. त्या पैशांत माती तपासून होईल. स्फुरदही गरजेपुरतंच टाका, काही फॉस्फेट खतांतून कॅडमियम येतो.

नेहमीची कामं:
- नमुना: ० ते १५ सेंमी खोलीचा, नागमोडी फिरून, अर्धा किलो, कॅडमियम, आर्सेनिक, शिसं, सामू तपासा
- चुना: फक्त सामू कमी असल्यास, अहवालातल्या मात्रेने, लावणीआधी
- झिंक सल्फेट: जस्ताची कमतरता असेल तरच, हेक्टरी २५ किलो
- शेणखत: पूर्ण कुजलेलं, ताजा पेंढा गाडल्यास आर्सेनिक लवकर सुटतो
- बांधाची बिळं बुजवणे

कॉडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा पांढऱ्या तांदळात किलोमागे कॅडमियमसाठी ०.४ मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिकसाठी ०.२ मिलिग्रॅम आहे. आर्सेनिक दाण्यापेक्षा पेंढ्यात जास्त साठतो, तेव्हा अशा शेतातला पेंढा तपासल्याशिवाय गुरांना घालू नका.

पाटाचं पाणी बंद व्हायची तारीख आजच विचारून घ्या. ती तीन आठवड्यांच्या आत येत असेल तर आत्ताच खाचर भरून घ्या आणि बांधाची तोंडं पक्की लिंपा.