जड गिटार अ‍ॅम्पची ने-आण : या चुका टाळा

फेंडर ट्विन रिव्हर्ब विकायला काढणाऱ्याला कारण विचारून बघा. आवाज आवडेनासा झाला असं सांगणारा विरळाच. बहुतेकांचा हात आपसूक कमरेवर जातो. हा अ‍ॅम्प साधारण २९ किलोंचा. दोन स्पीकरचा व्हॉक्स एसी३० त्याहून थोडा जड, ३२ किलोंच्या आसपास. मार्शलचं '१९६०' मॉडेलचं चार स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे नुसत्या स्पीकरचं खोकं, ३६ किलोंच्या घरात. आणि बास वाजवणाऱ्यांचं अँपेगचं आठ स्पीकरचं धूड तर ६३ किलोंच्या वर जातं.

तक्रार जुनीच आहे. 'द हू' बँडच्या पीट टाउन्शेंडने १९६५ मध्ये जिम मार्शलकडून बारा इंची आठ स्पीकर एकाच खोक्यात बसवून घेतले होते. ते उचलणाऱ्या पोरांनी हात टेकले, तेव्हा त्याचे दोन तुकडे करून चार-चार स्पीकरची दोन कॅबिनेट एकावर एक ठेवायची पद्धत आली. आज रॉकच्या स्टेजवर जी मार्शलची भिंत रुबाबात उभी असते, तिच्यामागे हमालांची कुरकुर आहे हे मला तरी फार आवडतं.

फक्त किलो मोजणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती हात लावायच्या आधीच होते. पाठीवर येणारा ताण वजनाइतकाच, किंबहुना कधी वजनापेक्षाही जास्त, ते वजन अंगापासून किती लांब धरलंय यावर ठरतो. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेचं १९९१ मध्ये सुधारलेलं एक सूत्र आहे. सगळी परिस्थिती उत्तम असेल, म्हणजे वस्तू अंगालगत आहे, उंची सोयीची आहे, कंबर वळवावी लागत नाही, तरीसुद्धा ते सूत्र २३ किलोंच्या पुढे जाऊ देत नाही. यात 'अंगालगत' म्हणजे घोट्यांच्या मध्यापासून हातांपर्यंतचं अंतर २५ सेंटीमीटर किंवा कमी. तेच अंतर ५० सेंटीमीटर झालं की मर्यादा थेट निम्मी, साडेअकरा किलो. त्यात कंबर ९० अंशांत वळवली तर आणखी जवळजवळ ३० टक्के वजा.

आता गाडीची डिकी आठवा. अ‍ॅम्प आत खोल सरकलेला, मध्ये बंपर आणि डिकीचा काठ, तुम्ही वाकून हात लांबवता आणि ओढता-ओढताच उचलायला लागता. ५० सेंटीमीटर कधीच ओलांडलेले असतात. हिशेबाने ज्या जागी साडेअकरा किलोसुद्धा पुष्कळ झाले, तिथे तुम्ही २९ किलो उचलताय. वर तासभर गाडीत बसून अंग आखडलेलं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. डिकीत घसरणारं काहीतरी अंथरा, जाडसर प्लास्टिक किंवा जुनी चादर. अ‍ॅम्प आधी काठापर्यंत ओढून आणा, तिथे थांबा, श्वास घ्या, मग अंगाशी घेऊन उचला. वळायचं असेल तर पाय उचलून वळा, कंबरेतून नाही. गाडीत चढवताना उलट करा: अ‍ॅम्पची वरची कड डिकीच्या काठावर टेकवा आणि खालची बाजू उचलून आत ढकला. अशाने एका वेळी निम्म्याच्या आसपास वजन हातावर येतं. मोठी कॅबिनेट अनुभवी माणसं अशीच चढवतात. अख्खं कॅबिनेट हवेत उचलणारा बहुधा नवखा असतो.

हँडल आहे म्हणून एका हाताने उचलणं

कॉम्बो अ‍ॅम्पच्या (ज्यात स्पीकर त्याच खोक्यात असतो) डोक्यावर एकच पट्टा असतो, म्हणून आपण तो बॅगेसारखा एका हातात लटकवून चालू लागतो. वर सांगितलेलं सूत्र एका हाताने उचलण्याला लागूच होत नाही. ते दोन्ही हातांनी उचलण्यासाठीच केलेलं आहे. एका बाजूला २०-३० किलो लटकले की तोल राखायला दुसऱ्या बाजूचे पाठीचे स्नायू सतत ताठ राहतात. गाडीपासून दारापर्यंत ठीक, पण लांबच्या लांब बोळातून नाही.

शिवाय पट्टा मधोमध असला तरी वजन मधोमध नसतं. ट्यूब अ‍ॅम्पच्या (ज्यात काचेच्या नळ्या आवाज मोठा करतात) चासीवरचा, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावरचा, सगळ्यात जड भाग म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर, लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर गुंडाळलेली तांब्याची तार. तो बहुधा चासीच्या एका टोकाला असतो. त्यामुळे अ‍ॅम्प एकीकडे कलतो, आणि तो सावरताना मनगट पिळवटतं. पूर्ण उचलण्याआधी दोन इंच उचलून कुठली बाजू खाली जाते ते पाहून ठेवा. आपल्या अ‍ॅम्पला त्या बाजूला छोटी रंगीत टेप लावली की मदतीला येणाऱ्याला सांगत बसावं लागत नाही.

बंद पाठीच्या कॅबिनेटमध्ये स्पीकर पुढच्या फळीवर असतात, म्हणजे वजनही पुढे. पुढच्या ग्रिलचं कापड मळू नये म्हणून लोक ते बाहेरच्या बाजूला ठेवतात आणि जड भाग अंगापासून लांब जातो. कवेत घ्यायचंच असेल तर ग्रिलची बाजू छातीकडे घ्या. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल मात्र आधी बाजूला सरकवा, नाहीतर कापड गेलंच म्हणून समजा.

उचलायच्या पट्ट्याचे स्क्रूही अधूनमधून पाहा. जुने पट्टे वरून धडधाकट दिसतात आणि टोकाशी चिरलेले असतात. तुटायचे ते नेमके जिन्यात तुटतात.

जिन्यात "बघू, जमेल"

दोघांनी कॅबिनेट चढवताना खालच्या माणसावर जास्त भार येतो, कारण वस्तू त्याच्याकडे कलते. उतरतानाही तेच. म्हणून उंच आणि ताकदीचा माणूस खाली हवा. बँडमध्ये बहुतेकदा याच्या उलट होतं. ज्याचा अ‍ॅम्प तो बिचारा मुकाट्याने खाली उभा राहतो, मग त्याची तब्येत कशीही असो. कुठे टेकवायचं, वळणावर कोण मागे सरकणार, "थांब" कोण म्हणणार हे उचलायच्या आधी ठरवा. हातात ओझं असताना चर्चा होत नाही, फक्त ओरडाआरडा होतो. आणि कॅबिनेट खरंच निसटलंच तर ते अडवायला जाऊ नका. खोकं दुरुस्त होतं. बोटं चिमटली तर पुढचे कार्यक्रम दुसरा कोणीतरी वाजवतो.

ट्रॉली असेल तर तुम्ही वरच्या पायरीवर, ट्रॉली खाली, आणि एकेक पायरी मागे मागे ओढत. ट्रॉलीच्या खालच्या बाजूला एकट्याने कधीही उभं राहायचं नाही.

लहान चाकांवर फार भिस्त

चाकं उत्तम, पण दोन इंची प्लास्टिकची चाकं फरशीपुरतीच. खडबडीत रस्त्यावरून तसाच खडखडत नेला तर प्रत्येक धक्का थेट ट्यूबच्या आतल्या नाजूक तारांपर्यंत पोचतो. बाहेरच्या जमिनीसाठी हवेच्या टायरची मोठ्या चाकांची ट्रॉली घ्या आणि वर पट्टा आवळा. स्टेजवर पोचल्यावर चाकं काढा किंवा ब्रेक लावा. उतार डोळ्यांना दिसत नाही, अ‍ॅम्पला कळतो.

गरम अ‍ॅम्प उचलून गाडीत

शेवटचं गाणं संपलं की सगळ्यांना घाई असते. ट्यूब अजून तापलेल्या असतात, आतला तंतू मऊ असतो, आणि त्याच अवस्थेत अ‍ॅम्प दाणकन खाली ठेवला जातो. सोपा मार्ग म्हणजे क्रम बदलायचा: गाणं संपताच अ‍ॅम्प बंद करा, वायर काढा, मग पेडल, केबल, गिटारी, स्टँड आवरा. तोवर पंधरा-वीस मिनिटं जातात. अ‍ॅम्प शेवटी उचला. तुमच्या पाठीलाही तेवढाच दम खायला मिळतो.

उघड्या पाठीच्या कॉम्बोमध्ये केबल, पेडल, जॅकेट कोंबून नेणं ही तर इतकी सर्रास चूक आहे की लोकांना ती युक्तीच वाटते. एका वळणावर पेडल स्पीकरच्या कागदी कोनमध्ये घुसतं, नाहीतर ट्यूब फुटते. ती मोकळी जागा सामानासाठी नसते.

गाडीत हेड (स्पीकर नसलेला सुटा अ‍ॅम्प) कॅबिनेटवर ठेवून नेऊ नका. स्टेजवर ते शोभतं, ब्रेक मारल्यावर नाही. जड वस्तू खाली, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. कॉम्बो सीटवर ठेवला तर सीटचा पट्टा अ‍ॅम्पच्या अंगावरून घ्या, हँडलमधून ओवू नका. थंडीत रात्रभर गाडीत राहिलेला अ‍ॅम्प उबदार खोलीत आणला की आत दव धरतं. तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत चालू करू नका.

पोचल्यावर अ‍ॅम्प रुसला तर

गाडीत हिंदकळून आल्यावर होणारे बिघाड बहुतेक साधे असतात. उघडायची घाई मात्र नको: प्लगमधून वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज शिल्लक राहू शकतो, त्यामुळे चासी खोलणं तंत्रज्ञाचं काम. बाहेरून करण्यासारखं बरंच आहे.

दिवा लागतो पण आवाज नाही? आधी स्पीकरची केबल बघा. कॉम्बोमध्ये तिचा जॅक मागच्या बाजूला असतो आणि प्रवासात हमखास ढिला होतो. पण जॅकला हात लावण्याआधी अ‍ॅम्प बंद करा. आवाज येतो पण करकर, मध्येच गायब? एखादी ट्यूब सॉकेटमधून उचकटली असेल. अ‍ॅम्प बंद, वायर काढलेली आणि ट्यूब थंड असताना ती हलक्या हाताने सरळ सॉकेटच्या दिशेने दाबून बसवा. डोलवत बसू नका, पिना वाकतात. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) गेला, बाकी सगळं ठीक? तळाशी पिशवीत असलेल्या स्प्रिंगच्या डब्याची एखादी वायर सुटलेली असते. ठरावीक सुरालाच खरखर वाजतं? मागच्या फळीचे स्क्रू आवळून पाहा, मग ट्यूबवरच्या क्लिपा. कुठली ट्यूब सूर पकडून किणकिणते हे शोधायला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक हलकेच टिचकवा. जी स्पीकरमधून मोठ्याने उत्तर देते ती बदला.

फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा एकदाच घाला. पुन्हा उडाला तर थांबा. मोठा घालून बघणं म्हणजे ट्रान्सफॉर्मरची वाट लावणं. आणि पॉवर ट्यूबची आतली पट्टी लालभडक दिसली तर त्या क्षणी अ‍ॅम्प बंद.

गरजेपेक्षा मोठा अ‍ॅम्प नेणं

उचलण्याची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे कमी उचलणं, आणि इथे वॅटचा आकडा लोकांना फसवतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ८५ वॅटचा ट्विन आणि २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब यांच्यात नुसत्या वॅटचा फरक सहा डेसिबलच्याही आत आहे. वजनात मात्र दहा किलोंचा, कारण डिलक्स साधारण १९ किलोंचा आहे. ट्विनमध्ये स्पीकर दोन असल्याने त्याला थोडा आणखी फायदा मिळतो, हे खरं. पण स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो) ९७ ऐवजी १०० डेसिबल असली तर तेही वॅट दुप्पट करण्याइतकंच, आणि तो बदल स्क्रूड्रायव्हरने होतो. अ‍ॅम्पसमोर माइक लागणार असेल तर मोठा अ‍ॅम्प नेणं ही माझ्या मते निव्वळ हौस आहे. हौसेला हरकत नाही, पण मग कुरकुर करू नये.

स्पीकर बदलायचाच तर निओडिमियम चुंबकाचा बघा. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० एकटा ४.७ किलोंचा असतो. त्याच कंपनीचे बारा इंची निओ स्पीकर दोन किलोंच्या आसपास. चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये ही बचत दहा किलोंच्या वर जाते. फेंडरने २०१९ मध्ये टोन मास्टर मालिकेत ट्यूबऐवजी डिजिटल यंत्रणा, हलका पॉवर सप्लाय आणि निओ स्पीकर घालून ट्विन १५ किलोंवर आणला. मला स्वतःला दुरुस्त करता येणारा जुना अ‍ॅम्प जवळचा वाटतो, पण जिना रोजचा असेल तर हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही. एक लक्षात असू द्या: खोकं तेवढंच रुंद आहे, तेव्हा अंगाशी धरण्याचा नियम त्यालाही लागू.

ट्यूब सोडायच्या नसतील तर कॉम्बोचा वरचा अर्धा भाग वेगळ्या पेटीत बसवून हेड आणि कॅबिनेट असे दोन नग करून घेता येतात. खेपा दोन होतात, पण प्रत्येक खेप एका माणसाच्या आवाक्यात येते.

कॅबिनेट घरी ठेवून नुसतं हेड नेणं हाही चांगला मार्ग. पण इथे एक महागडी चूक घडते. ट्यूबचं हेड स्पीकर न जोडता चालवायचं नसतं. भार नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. थेट साउंड सिस्टिममध्ये जायचं असेल तर मध्ये स्पीकरच्या जागी भार घेणारा लोड बॉक्स हवाच. सिग्नल नुसता मिक्सरकडे पोचवणाऱ्या साध्या डीआय बॉक्सने ते काम होत नाही. कार्यक्रमाच्या जागेवरचं कॅबिनेट वापरणार असाल तर ते ४, ८ की १६ ओहमचं हे आदल्या दिवशी विचारून घ्या आणि हेडच्या मागचा स्विच त्यानुसार ठेवा. स्पीकरची केबल आपली न्या. तिथे हाताला लागेल ती गिटारची केबल असते, ती बाहेरून अगदी तशीच दिसते, आणि आतली तार एवढा करंट वाहण्यासाठी फारच बारीक असते.